ज्यांनी मला झाडं दाखवली

आमचा चौघांचा एक नियम होता. मे संपता संपता, पाऊस सुरू व्हायच्या आधी, येऊरच्या जंगलात ज्याला नवरंग पहिल्यांदा ऐकू येईल त्याने बाकीच्या तिघांना त्याच दिवशी फोन करायचा. बोलायचं काही नाही, नुसतं "आला" म्हणायचं. ही १९९३-९४ च्या सुमाराची गोष्ट. आमच्याकडचा फोन बहुतेक वेळा आई उचलायची. पहिल्या वर्षी ती रिसीव्हर हातात धरून मलाच विचारत होती, "अगं, कोण आला? कुणाकडे?" पुढे तिलाही सवय झाली. मी अंघोळीला असले तर ती बाहेरूनच सांगायची, "तुमचा तो पक्षी आलाय गं."

नवरंग दिसतो कमी, ऐकू येतो जास्त. हिवाळा दक्षिणेत आणि श्रीलंकेत काढतो आणि पावसाच्या तोंडावर विणीसाठी इकडे येतो. पाठ हिरवी, पोटाखाली लाल, डोळ्यावरून काळा पट्टा, शेपूट अगदी आखूड. सकाळी आणि संध्याकाळी झाडीतून त्याची दोन सुरांची शीळ येते. ती एकदा कानात बसली की कितीही पक्षी ओरडत असोत, वेगळी काढता येते. मला ती लंबूने शिकवली. डोळे मिटायचे, आवाज येतो तिकडे बोट करायचं, मग डोळे उघडून बोटाच्या दिशेने बघायचं. मला आजही पक्षी असाच शोधता येतो. दुर्बीण आहे, पण आधी डोळे मिटल्याशिवाय चालत नाही.

येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या जंगलाला मुंबईची माणसं बोरिवलीच्या गेटवरून आणि कान्हेरीच्या लेण्यांवरून ओळखतात. आम्ही ठाणेकर उपवन तलावाच्या मागून वर चढणाऱ्या रस्त्याने तिथे जातो. स्टेशनवरून टीएमटीची बस थेट वर पाटोणापाड्याला जाते. कॉलेजात असताना रविवारची पहिली बस पकडायची, पाड्यापाशी उतरायचं, वाघोबाच्या ठाण्याला हात जोडायचे आणि नाल्याच्या कडेने आत शिरायचं, हा आमचा ठरलेला क्रम. वाघोबाला हात जोडायचं आम्हाला पाड्यातल्या एका वारली आजीने सांगितलं होतं. "त्याच्या घरात चाललाव, सांगून जा," असं ती म्हणाली होती. त्या जंगलात बिबटे आहेत, तेव्हा ते बोलणं आम्ही मनापासून घेतलं.

चौघं म्हणजे मी, लंबू, मास्तर आणि ती. तिचं टोपणनाव इथे लिहिणार नाही, कारण ते फक्त मीच वापरायचे.

मास्तर बॉटनीला होता आणि मूळचा मुरबाडकडचा, त्यामुळे झाडं त्याला पुस्तकाआधीच माहीत होती. तो आम्हाला पानं बघू द्यायचा नाही. "पानं आज आहेत, फेब्रुवारीत नाहीत. खोड बघ," म्हणायचा. डोळे बांधून एकेका झाडाच्या खोडावर हात ठेवायला लावायचा. ऐनाची साल खोल भेगांची, चौकोनी खवले पडलेली, हाताला लगेच कळते. कांडोळ गुळगुळीत आणि गार, कागदासारखे पापुद्रे निघणारा. कुंभ्याची साल जाड, दबणारी. साग ओळखायला मात्र तो पान वापरू द्यायचा, तेही कोवळं. ते दोन बोटांत चुरगाळलं की बोटं लाल होतात. पहिल्यांदा माझी बोटं अशी लाल झाली तेव्हा मी घाबरून हात झटकला होता, आणि मास्तर इतका हसला की नाल्यातल्या दगडावर बसूनच राहिला.

तिला ना पक्ष्यांत रस होता ना झाडांत. ती सगळ्यांच्या मागे राहायची, कारण तिला मध्येच खाली बसायचं असायचं. एप्रिलच्या कोरड्या मातीत, खडकाच्या आडोशाला, नरसाळ्याच्या आकाराचे बारके खड्डे असतात. ते मुंगीसिंहाचे. कित्येक वर्षं मी त्यांवर पाय देऊन गेले असेन. तिने मला शेजारी बसवलं, गवताची काडी घेतली आणि एका खड्ड्याच्या कडेवरून मातीचे दोन कण खाली सोडले. तळातून माती उडाली. पुन्हा दोन कण, पुन्हा उडाली. मग एक मुंगी आपणहून कडेवर आली. तिच्या पायाखालची माती सरकली, ती चढायला लागली, आणि तळाशी दडलेल्या त्या अळीने डोक्याने माती उडवून उडवून तिला खाली आणलं. मुंगीचा मागचा अर्धा भाग मातीत गेला, मग सगळीच गेली. वर पुन्हा स्वच्छ खड्डा. हे सगळं एका मिनिटात झालं असेल, पण त्यानंतर ती मला हलकेच म्हणाली, "आता थांब. रिकामी मुंगी बाहेर फेकेल." आम्ही थांबलो. किती वेळ ते आठवत नाही. लंबू आणि मास्तर पुढे जाऊन, आम्ही दिसेना म्हणून परत आले. आणि अळीने खरोखरच मुंगीचं वाळकं टरफल बाहेर भिरकावलं. हीच अळी पुढे चतुरासारखी पंखवाली होते आणि रात्री दिव्यापाशी येते, हेही तिनेच सांगितलं.

इतका वेळ एका वितीच्या मातीकडे बघत बसायला मला दुसऱ्या कुणी शिकवलं नाही.

मास्तर एप्रिल २०२१ मध्ये गेला. कोरोनाची दुसरी लाट होती. तेव्हा तो शहापूरकडे एका शाळेत शिकवायचा, म्हणजे खरोखरच मास्तर झाला होता. चार दिवस आम्ही सगळे फोनवर बेड शोधत होतो. बेड मिळाला, पण उपयोग झाला नाही. अंत्यविधीला घरचेही सगळे जाऊ शकले नाहीत, आम्ही तर दूरच. लंबूने मेलबर्नहून फोन केला, आणि आम्ही दोघं बराच वेळ काहीच न बोलता लाइनवर राहिलो. उद्यान तेव्हा बंद होतं. उघडल्यावर मी एकटीच गेले, नाल्याच्या वळणावरच्या ऐनापाशी जाऊन डोळे मिटून खोडावर हात ठेवला आणि तिथे मला रडता आलं. घरी तोपर्यंत आलं नव्हतं.

लंबूबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. माणूस चांगला आहे, दूर आहे. सुरुवातीला जून उजाडला की तो विचारायचा, "आला का?" मी सांगायचे. एका वर्षी त्याने तिकडच्या मॅगपायचं गाणं रेकॉर्ड करून पाठवलं होतं, पहाटेचं, फार सुंदर. मग अंगठा यायला लागला, मग नुसत्या निळ्या खुणा. त्याचं आयुष्य तिकडे आहे, तिकडचे पक्षी त्याचे झाले आहेत आणि ते व्हायलाच हवेत.

ती मात्र ठाण्यातच आहे. घोडबंदर रोडला. रिक्षाने अर्धा तास, रस्ता मोकळा असेल तर वीस मिनिटं. आणि सगळ्यांत जास्त लांब तीच गेली आहे.

आमच्यात भांडण झालं नाही. कुणी कुणाचे पैसे बुडवले नाहीत, कुणी कुणाला दुखावलं नाही. तिच्या सासूबाईंचं मोठं आजारपण झालं, माझी बदली होऊन तीन वर्षं मी नागपूरला होते, मुलांच्या दहावी-बारावी आल्या. आठवड्याचा फोन महिन्यावर गेला आणि मग दिवाळीवर. एका लग्नात हॉलमध्ये भेटलो तर दोघी "अगं, किती वर्षांनी!" म्हणून मिठी मारून उभ्या राहिलो आणि पुढची दहा मिनिटं ॲडमिशनबद्दल बोललो. पंगत बसली, ती तिच्या माणसांत, मी माझ्या. जेवताना मी तिच्याकडे बघत होते. ती पूर्वीसारखीच जिलबी शेवटाला ठेवत होती. मला उठून तिच्या शेजारी जाऊन बसावंसं वाटलं, पण वाढपी समोर होते आणि दोन्ही बाजूंना अनोळखी माणसं. असल्या क्षुल्लक गोष्टी मध्ये येतात. मैत्री संपण्याला काही मोठं कारण लागतं असं मला पूर्वी वाटायचं.

नातेवाईक गेले तर लोक भेटायला येतात, दहाव्या-बाराव्याला जमतात. मैत्रीण आहे, धडधाकट आहे, फक्त आपली राहिली नाही, याचं दुःख कुणाकडे घेऊन जायचं? नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो, "फोन कर की." केले आहेत फोन. ती प्रेमाने बोलते. बोलणं संपल्यावर मात्र फोन करण्याआधीपेक्षा जास्त एकटं वाटतं.

२००८ साली येऊरला करवी फुलली तेव्हा आम्ही दोघी आमची लहान मुलं घेऊन गेलो होतो. करवी एरवी कुणाच्या डोळ्यात भरत नाही. उतारावरची खरखरीत पानांची झुडपं, पाड्यातल्या घरांच्या कुडाला तिच्या काड्या लागतात, वर शेण-माती लिंपली की भिंत झाली. डोंगर चढताना पाय घसरला की हात आपोआप तिच्याकडे जातो. पण ती कित्येक वर्षांतून एकदा फुलते आणि त्या भागातली सगळीच्या सगळी एका वेळी फुलते. आमच्या या जंगलात २००८, मग २०१६, मग २०२४. ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरभर उतारच्या उतार जांभळे. फुलोरा हाताला चिकट लागतो, वास उग्र असतो आणि मधमाश्यांचा आवाज इतका की शेजारच्याशी मोठ्याने बोलावं लागतं. त्या वर्षीचा करवीचा मध गडद आणि घट्ट असतो. त्या दिवशी तिने माझ्या मुलीला एका फुलात झोपलेली माशी दाखवली होती. मुलगी आता नोकरीला लागली, तिला ती माशी अजून आठवते.

२०१६ ला मी तिला फोन केला. तिला जमण्यासारखं नव्हतं, घरात अडचण होती. "पुढच्या वेळी नक्की," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की पुढची वेळ आठ वर्षांनी. तिच्या लक्षात आलं असेल का, कोण जाणे. तिने ते मनापासूनच म्हटलं होतं.

२०२४ ला मी एका गटाबरोबर गेले. सगळी तरुण मुलं, मोठ्या लेन्स, उत्साह. मला त्यांचा कंटाळा आला नाही, उलट बरं वाटलं. एका वळणावर त्यांना पुढे जाऊ दिलं आणि करवीच्या मधोमध एका खडकावर बसले. तिथे मला पहिल्यांदा नीट कळलं की घरात तिची आठवण येते ती वेगळी आणि इथे येते ती वेगळी. घरात आठवते तेव्हा हातात फोन असतो, त्यात तिचा फोटो असतो, शेवटच्या मेसेजची तारीख असते, आणि सगळं दुखतं. जंगलात आठवते तेव्हा मी तेच करत असते जे आम्ही दोघी करायचो. खाली बसलेली असते, फुलात डोकावत असते. तिथे ती गेल्यासारखी वाटत नाही. माझ्या बघण्यात ती आहेच. हे कुणी समजूत घालण्यासाठी म्हणत असेल तर मी ऐकलं नसतं, पण माझ्या डोळ्यांना सवयच तिची लागली आहे, त्याला मी काय करू? एकटीने चालत असते तर त्या फुलाकडे बघितलंही नसतं.

झाडंझुडपं मनाला शांत करतात असं सगळेच म्हणतात. माझा अनुभव थोडा निराळा आहे. नुसत्या हिरव्या रंगाने मला काही होत नाही. दुसऱ्या कुठल्या सुंदर डोंगरात मला नेलंत तर मी फोटो काढीन आणि परत येईन. येऊरमध्ये मला धीर येतो, कारण तिथलं मला जे जे ओळखता येतं ते कुणीतरी हाताला धरून दाखवलेलं आहे. कुटुर्गा ओरडला की लंबू असतो. कुड्याचा वास आला की मास्तर. माझ्या स्वतःचं म्हणावं असं त्यात फार थोडं आहे, आणि मला ते तसंच हवं आहे.

येऊर बदललं आहे. वर जाणाऱ्या रस्त्याला बंगले झाले, हॉटेलं झाली, रात्री दिव्यांच्या झोतात क्रिकेट चालतं, लग्नांचे आवाज पाड्यांपर्यंत जातात. ठाणे ते बोरिवली असा ११.८ किलोमीटरचा जोडबोगद्याचा रस्ता या डोंगराखालून होतो आहे. त्याचं काय होईल याची मला काळजी वाटते आणि ती मी सभांमध्ये जाऊन बोलूनही दाखवते. तो विषय मोठा आहे, त्यावर वेगळं लिहीन. इथे एवढंच की मला ते जंगल दृश्य म्हणून नको आहे. माझी माणसं तिथे आहेत.

यंदा एप्रिलमध्ये मास्तरच्या बायकोचा कल्याणहून फोन आला. मुलगी अकरावीला आहे, बायोलॉजी घेतलं आहे, तिला येऊर बघायचं आहे, तुम्ही न्याल का? मी त्याच रविवारी ये म्हटलं. स्टेशनवर उतरली तेव्हा उंची बापाची आणि चालही बापाची, पाय जरा बाहेर टाकत. पाठीवर सॅक, आणि सॅकमध्ये त्याची जुनी वही. पिवळी पडलेली, मागच्या पानांवर बसचे हिशोब. आमच्या त्या रविवारांच्या नोंदी त्याने ठेवल्या होत्या हे मला माहीतच नव्हतं.

करवी फुलून वाळली की मरते. अजून काही उतारांवर तिच्या करड्या काड्या उभ्या आहेत आणि त्यांच्या बुडाशी नवी रोपं आहेत. बोंडांना पावसाची ओल लागली की ती तडतडत फुटतात आणि बी उडतं, हे मी तिला सांगितलं. मुंगीसिंहाचे खड्डे दाखवले. तिने गवताची काडी माझ्या हातातून काढून घेतली आणि पंधरा मिनिटं जागची हलली नाही. कुसुमाची पालवी लाल होऊन आता हिरवी व्हायला लागली होती. तिला ऐनापाशी नेलं. डोळे मिटायला सांगितलं. तिने खोडावर दोन्ही तळवे ठेवले आणि विचारलं, "बाबा इथे यायचे?" मी हो म्हटलं. ती काही बोलली नाही, मीही नाही. पाणी प्यायलो आणि पुढे निघालो.

वाघोबाच्या पलीकडे नाल्याला लागून एक मोठं झाड आहे. एकही पान नव्हतं, उंच फांद्यांवर वाळलेले गोल गेंद तेवढे लटकत होते. मी सवयीने "हेद" म्हणून पुढे सरकले, तर ती थांबली.

"आत्या, कळंब नसेल कशावरून?"

प्रश्न बरोबर होता. दोघांचे गेंद गोल, दोघं ओढ्याकाठी येतात. मी म्हटलं, बुंधा बघ, खाली कसा खोबणी पडून पसरला आहे, हेदाचा असा होतो. ती म्हणाली, पण वरची साल गुळगुळीत आहे आणि पापुद्रे निघताहेत. खाली पानं शोधली. सागाच्या पानांचा खच, त्यात एक पान सापडलं, देठाशी हृदयाच्या आकाराचं, म्हणजे हेदाचं. मी जिंकल्यासारखं तिच्यापुढे धरलं. तिने ते उलटसुलट केलं आणि म्हणाली, "हे उडत आलेलं असू शकतं. त्या बाजूलाही हेद आहे, आपण आत्ताच बघितला." मग तिने वही काढली. पानं उलटत गेली आणि एका पानावर बोट ठेवून मला दाखवलं. मास्तरचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर: "वाघोबाच्या पुढे, नाल्याच्या डाव्या हाताला. हेद? कळंब?" खाली पुन्हा वेगळ्या शाईत, "फुलं बघायची राहिली."

आम्ही तिथेच उभ्या राहून पुन्हा वाद घातला. ती साल सोडायला तयार नाही, मी बुंधा सोडायला तयार नाही. खाली पाड्यावर बसची वेळ होत आली तरी निकाल लागेना. शेवटी असं ठरलं की पालवी आली की यायचं, पान नीट फुटलेलं असलं पाहिजे, आणि फुलं वर असली तर दुर्बीण लागेल, ती मी आणायची. तिचं कॉलेज सुरू व्हायच्या आधीचा रविवार धरला आहे. वही तिने आणायची.